वाचकांचे प्रश्न : अल्बम, कात्री आणि टाका

घरगुती छायाचित्रांमध्ये फेरफार करून कलाकृती घडवणाऱ्यांबद्दल गेल्या अंकात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. कलेच्या इतिहासाविषयी विचारणारी पत्रे त्यात थोडी होती. बहुतेकांनी आपल्याच कपाटातल्या अल्बमविषयी लिहिले होते. त्यांपैकी सहा प्रश्न येथे थोडक्यात देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आजीच्या अल्बममधल्या अकरा फोटोंतून एकच चेहरा कात्रीने कापून काढलेला आहे. तो माझ्या आत्याचा, एवढेच मला कळले. तिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. नुकताच तिचा एक सुटा फोटो सापडला. मी चित्रकलेचे शिक्षण घेतले आहे. संगणकावर तो चेहरा अकराही जागी परत बसवून एक मालिका करावी असे मनात आहे. हे योग्य होईल का?

चेहरा बसवण्याआधी त्या अकरा भोकांकडे पुन्हा एकदा नीट पाहावे, अशी माझी विनंती आहे. ज्याने कात्री चालवली त्याने फोटो फाडून टाकले नाहीत, जाळले नाहीत. चेहऱ्यापुरता भाग काढून उरलेला कागद पुन्हा अल्बममध्ये लावला. कात्री कुठे जपून फिरली आहे आणि कुठे रागाने, आत्याच्या खांद्यावर ठेवलेला कोणाचा हात तसाच राहिला आहे, कोणत्या फोटोपासून कापणे सुरू झाले आणि कोणत्या फोटोनंतर आत्या मुळात दिसतच नाही, या सगळ्यात तुमच्या घराचा इतिहास आहे आणि तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही.

डायना मार्कोसियन या छायाचित्रकर्तीचे बालपण अशाच अल्बमसोबत गेले. १९९६ साली तिच्या आईने मुलांना घेऊन मॉस्को सोडले, ती कॅलिफोर्नियाला आली आणि घरातल्या सगळ्या फोटोंतून तिने मुलांच्या वडिलांना कापून काढले. मार्कोसियनने पुढे मोठेपणी आर्मेनियात जाऊन वडिलांचा शोध घेतला आणि त्यावर काम केले, तेव्हा ते कापलेले फोटो तिने जसेच्या तसे त्या कामात ठेवले. वडील सापडले म्हणून आईने पाडलेली भोके तिने बुजवली नाहीत.

याच्या उलट टोकाला सोव्हिएत काळातले सरकारी फोटो आहेत. मॉस्कोच्या कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारी चालणारा गुप्त पोलीस खात्याचा प्रमुख निकोलाय येझोव याला १९४० साली मृत्युदंड दिला गेला आणि नंतरच्या छापील प्रतींत त्याच्या जागी कालव्याचे पाणी दिसू लागले. तिथे कोणी होते याची शंकाही येऊ नये इतक्या सफाईने ते पाणी रंगवलेले आहे. आता त्याच काळातली दुसरी गोष्ट पाहा. अलेक्सांद्र रोदचेन्को या कलावंताने १९३४ साली उझबेकिस्तानवरच्या एका सचित्र ग्रंथाची मांडणी केली होती. त्यातले अनेक अधिकारी पुढे अटकसत्रात सापडले, तेव्हा त्याने स्वतःजवळच्या प्रतीतले त्यांचे चेहरे काळ्या शाईने भरून टाकले. त्या पानांवर आज माणसाच्या खांद्यांवर काळा डाग उभा दिसतो आणि तो डाग देणाऱ्या हाताची भीतीही दिसते. कालव्याच्या पाण्यात मात्र काहीच दिसत नाही.

तुम्ही आत्याचा चेहरा बेमालूम बसवलात, तर आत्या परत येईल, पण तिला कापणारी व्यक्ती आणि इतकी वर्षे गप्प राहिलेले घर पुसले जाईल. त्यामुळे जोड दिसू द्यावा. सुट्या फोटोतला चेहरा पातळ, अर्धपारदर्शक कागदावर छापून भोकावर नुसता टेकवता येईल. कागद उचलला की भोक पुन्हा दिसेल. अकरापैकी काही जागा मोकळ्याच ठेवण्याचाही विचार करावा. अर्जेंटिनाचे गुस्तावो हेर्मानो यांनी २००६ सालच्या ‘आउसेन्सियास’, म्हणजे ‘अनुपस्थिती’, या मालिकेत दुसरा मार्ग घेतला. लष्करी राजवटीत बेपत्ता केल्या गेलेल्या माणसांचे जुने घरगुती फोटो त्यांनी घेतले आणि हयात राहिलेल्यांना तीस वर्षांनंतर पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच ठेवणीत उभे केले. बेपत्ता माणसाची जागा रिकामी ठेवून टिपलेला नवा फोटो त्यांनी जुन्याशेजारी लावला. त्यांचा स्वतःचा भाऊ १९७६ साली बेपत्ता झाला होता, आणि एका जोडीत चार भावांच्या शेजारी तीन उतारवयाकडे झुकलेले भाऊ उभे आहेत. त्या मालिकेत एकही फोटो कापलेला नाही, तरी कात्रीची धार मला तिच्याइतकी दुसरीकडे कुठे जाणवलेली नाही.

प्रश्न : फोटो हा पुरावा असतो, असे मी आयुष्यभर मानत आलो. एखाद्या चित्रकाराने आपल्याच दिवंगत नातेवाइकाचा फोटो पुसट करून रंगवावा, हा त्या व्यक्तीचा अपमान नाही का?

आपण कोणत्या चित्राबद्दल लिहीत आहात ते पत्रात नाही, पण वर्णनावरून जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांचे ‘टांटे मारिआने’, म्हणजे ‘मारिआने मावशी’, हे १९६५ सालचे चित्र असावे. १९३२ साली काढलेल्या एका घरगुती फोटोवरून ते रंगवलेले आहे. त्यात काही महिन्यांचे रिश्टर आहेत आणि त्यांच्या मागे चौदा वर्षांची मावशी आहे. पुढे तिला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले, नाझी राजवटीने तिची सक्तीने नसबंदी केली आणि १९४५ साली, मनोरुग्णांना संपवण्याच्या मोहिमेत, तिचा जीव घेतला. मावशीचे चित्र केले त्याच वर्षी, १९६५ साली, रिश्टर यांनी आपल्या रुडीमामाचेही चित्र केले. लष्करी कोट घातलेला हा हसरा तरुण त्याच राजवटीसाठी लढताना मारला गेला. दोन्ही चित्रांत त्यांनी रंग ओला असतानाच त्यावरून कोरडा कुंचला फिरवला आहे आणि दोन्ही चेहरे सारखेच धूसर झाले आहेत.

मला या धूसरपणात अपमान दिसत नाही. फोटोत जे स्वच्छ दिसते ते म्हणजे बाळ, मुलगी आणि ऊन. पुढे काय घडले ते त्यात कुठेच नाही. फोटो पुरावा असतो हे तुमचे म्हणणे खरे आहे, पण तो एका क्षणाचा पुरावा असतो, आणि घरातला अल्बम तर आनंदाचे क्षण निवडूनच भरलेला असतो. भांडण, आजार, कोणाला तरी नेले जाणे यांचे फोटो घरी काढले जात नाहीत. रिश्टर यांचा कुंचला पाहणाऱ्याला सांगतो की हा चेहरा तुम्हाला ओळखता येतो एवढ्यावरून तो तुम्हाला कळला असे समजू नका. चित्रकारालाही तो पुरता कळलेला असतो असे नाही. १९६४ साली त्यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या एका हसऱ्या कुटुंबाचे चित्र केले, त्यात त्यांचे तेव्हाचे सासरे आहेत. हे गृहस्थ डॉक्टर होते आणि नाझी काळात त्यांनी सक्तीच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या, ही गोष्ट चित्राच्या संदर्भात चाळीसएक वर्षांनी एका पत्रकाराने उजेडात आणली. मावशीला ज्या यंत्रणेने उद्ध्वस्त केले तिचाच एक माणूस त्याच घरातल्या दुसऱ्या फोटोत हसत होता.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या लहानपणीच्या एका फोटोत मी आजच्या वयाच्या स्वतःला संगणकावर तिच्या शेजारी बसवले. पहिले काही दिवस फार बरे वाटले. आता मात्र तो फोटो पाहिला की अस्वस्थ व्हायला होते. अशाने माझ्या खऱ्या आठवणी बिघडतील का?

तुमचे पत्र मी अनेकदा वाचले, आणि तुमच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत असे मला वाटते.

तुम्ही जे केले ते करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. इटलीच्या छायाचित्रकार मोइरा रिच्ची यांची आई २००४ साली वारली. त्यानंतर आईच्या जुन्या फोटोंमध्ये त्यांनी स्वतःला बसवायला सुरुवात केली. त्या त्या काळचे कपडे, त्या त्या फोटोतला उजेड आणि रंग त्यांनी इतके जुळवले की आधी कळतच नाही. त्या मालिकेला शब्दांचे नाव नाही; आईच्या जन्माची आणि मृत्यूची तारीख हेच तिचे नाव. त्या फोटोंत रिच्ची बहुधा कडेला असतात आणि आईकडे पाहत असतात. आई मात्र कॅमेऱ्याकडे, मैत्रिणींकडे, आपल्या तरुण आयुष्याकडे पाहत असते. तिला शेजारी उभी असलेली ही बाई ओळखीची असण्याचे कारणच नाही, कारण ती मुलगी अजून जन्मलेलीच नाही. एकदा हे ध्यानात आले की फोटोतला जोड डोळ्यांना दिसत नसला तरी मनाला दिसू लागतो. तुमची अस्वस्थता याच जातीची असावी. सुरुवातीला फोटोने तुम्हाला आईजवळ नेले, आणि नंतर त्यातली लहान मुलगी तुमची आई झालेली नाही हेही दाखवले. ही अस्वस्थता म्हणजे काही चुकल्याची खूण आहे असे मी मानत नाही.

अर्जेंटिनाच्या छायाचित्रकार लुसिला किएतो यांचे काम मला याहून जवळचे वाटते. त्यांच्या जन्मापूर्वीच त्यांचे वडील बेपत्ता केले गेले होते, त्यामुळे बापलेकीचा एकत्र फोटो असणे शक्यच नव्हते. त्यांनी वडिलांच्या फोटोची पारदर्शिका भिंतीवर प्रकाशझोताने टाकली आणि त्या प्रकाशात स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. मग आई किंवा वडील असेच हरवलेल्या इतर मुलांनाही त्यांनी बोलावले. १९९९ ते २००१ या काळात झालेल्या या फोटोंत वडिलांचा चेहरा मुलीच्या गालावर, सदऱ्यावर, भिंतीच्या पोपड्यांवर पडलेला दिसतो. प्रकाशाची कड दिसते, सावली दिसते. दोघे एका चौकटीत आले आहेत आणि ते कधीही एका खोलीत आलेले नाहीत, हे दोन्ही त्या फोटोंत एकाच वेळी दिसते.

आता आठवणींविषयी. तुमची शंका निराधार नाही. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात २० प्रौढांना त्यांच्या बालपणीचे, नातेवाइकांकडून मिळवलेले खरे फोटो दाखवले आणि त्यांत एक बनावट फोटो मिसळला. त्या फोटोत ते लहानपणी गरम हवेच्या फुग्यातून उडताना दिसत होते. असे उड्डाण त्यांच्यापैकी कोणीही केले नव्हते. तीन मुलाखती होईपर्यंत सुमारे निम्म्या लोकांना ते उड्डाण कमीअधिक ‘आठवू’ लागले होते. स्मरण म्हणजे पेटीतून वस्तू काढणे नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना मन हाती असलेल्या तुकड्यांतून प्रसंग पुन्हा जुळवते, आणि फोटो हा फार भरवशाचा वाटणारा तुकडा असतो.

मात्र त्या लोकांना फोटो बनावट आहे हे ठाऊक नव्हते आणि प्रसंग डोळ्यांसमोर आणण्यास त्यांना पुनःपुन्हा सांगितले जात होते. तुमचा फोटो तुम्ही स्वतः घडवला आहे आणि तो अशक्य आहे हे त्यातल्या वयांवरूनच उघड आहे. त्यामुळे तुमच्या आठवणींना त्यापासून फार धोका आहे असे मला वाटत नाही. जपायचे ते पुढच्या पिढीसाठी. आईसोबत तुम्ही कधीच न केलेल्या प्रवासाचा बेमालूम फोटो घडवून तो घरच्या अल्बममध्ये खुणेशिवाय लावलात, तर वीस वर्षांनी तुमच्या मुलांना तो प्रवास खरा वाटेल आणि कदाचित तुम्हालाही. फोटोच्या मागे आणि फाईलच्या नावात तो कधी व कशातून घडवला ते लिहून ठेवा, आणि मूळ फोटो त्याच्या शेजारी ठेवा. फोटो सारखा नजरेसमोर असेल तर तो काही काळ पाकिटात घालून ठेवायला हरकत नाही. झोप लागत नसेल किंवा दिवसाची कामे होत नसतील, तर मात्र समुपदेशकांशी अवश्य बोलावे. तिथे हा फोटो सोबत न्यावा.

प्रश्न : जुन्या फोटोंत रंग भरणारी, चेहऱ्यांची हालचाल घडवणारी अ‍ॅप्स आता सहज मिळतात. कलाकाराने केलेला फेरफार आणि हा फेरफार यांत फरक काय?

साधनांत फारसा फरक नाही. फरक कळण्यासाठी २०२१ साली घडलेली एक गोष्ट सांगतो. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या काळात तुओल स्लेंग या तुरुंगात आणलेल्या प्रत्येक कैद्याचा फोटो काढला जाई. तिथे आलेल्या हजारो माणसांपैकी अगदी मोजकी वाचली. त्या फोटोंत एका कलाकाराने संगणकावर रंग भरले आणि ते एका संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले. लोकांनी ते मूळ फोटोंशी ताडून पाहिले, तेव्हा काही चेहऱ्यांवर मुळात नसलेले हसू आणलेले आढळले. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने तीव्र आक्षेप घेतला, मृतांच्या नातेवाइकांनी संताप व्यक्त केला आणि ते फोटो हटवावे लागले.

ही घटना वाचली त्या दिवशी मला काही सुचेनासे झाले होते. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाजवळ त्या क्षणी आपले म्हणावे असे काही उरले असेल, तर ते त्याच्या चेहऱ्यावरचे भाव होते. तेही काढून घेतले गेले. रिश्टर यांच्या धूसर मावशीकडे पाहताना आपल्याला चित्रकाराचा हात दिसतो आणि त्याने काय केले ते विचारता येते. त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहून काहीच विचारता येत नव्हते, कारण बदल झाला आहे हेच सांगितलेले नव्हते. आपल्या पणजोबांच्या फोटोत रंग भरताना एवढा मोठा अपराध घडत नाही हे खरे, तरी अ‍ॅपला पणजोबांच्या कोटाचा रंग ठाऊक नसतो. ते अंदाज बांधते, आणि तो अंदाज घरात लवकरच माहिती म्हणून सांगितला जाऊ लागतो.

प्रश्न : मला आजीच्या फोटोवर भरतकाम करायचे आहे. मूळ फोटोवर केले तर चालेल का?

चालणार नाही. आनेग्रेट सोल्टाऊ या जर्मन कलावतीने स्वतःचे, आईचे, आजीचे आणि मुलीचे फोटो फाडून काळ्या दोऱ्याने एकमेकांना शिवले. ते काम पाहिल्यावर सुई हातात घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे, पण एकुलत्या एका जुन्या प्रतीवर हा प्रयोग करू नये. फोटो दोन्ही बाजूंनी किमान ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ स्वरूपात जतन करावा. मागचे अक्षर, शिक्का, गोंदाचा डाग हेही टिपावे. नंतर जाड सुती कागदावर प्रत काढावी आणि टाके घालण्याआधी सुईने भोके पाडून घ्यावीत. भोके फार जवळ आली तर कागद त्या ओळीत फाटतो. मूळ फोटो आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा. पीव्हीसीची पाकिटे आणि चिकट पानांचे अल्बम टाळावेत. तयार कामाची मागची बाजूही झाकू नये, असे मी सुचवीन. सोल्टाऊ यांच्या कामात दोऱ्यांच्या गाठी असलेली मागची बाजूही पाहायला मिळते आणि ती पुढच्या बाजूइतकीच बोलकी असते.

प्रश्न : आमच्या आजोबांना घर सोडून पळावे लागले होते. ते सारे त्यांनी भोगले, मी नाही. तरी त्यांच्या उरलेल्या फोटोंवर मी काही काम करत आहे. माझा भाऊ म्हणतो, हे तुझे दुःख नाही आणि घरातल्या गोष्टी बाहेर मांडायचा तुला अधिकार नाही. त्याचे खरे आहे का?

पहिल्या भागाशी मी सहमत नाही. ज्यांनी आघात भोगला त्यांच्या मुला-नातवंडांकडे तो कथांतून, फोटोंतून आणि घरातल्या अबोल्यातून इतक्या जोराने येतो की तो त्यांना स्वतःच्या आठवणीसारखा वाटू लागतो. साहित्य-अभ्यासक मारिआन हर्श यांनी या अवस्थेला दिलेल्या ‘पोस्टमेमरी’ या नावाला मराठीत ‘उत्तरस्मृती’ म्हणता येईल. ती आजोबांची आठवण नव्हे, आणि तुमच्या कामात तसे भासवले जाऊ नये. पण आजोबांच्या अबोल्यासोबत वाढणे हा तुमचा अनुभव आहे आणि त्याविषयी तुम्ही बोलू शकता.

व्हिएतनामी कलावंत दिन क्यू. ले यांच्या कुटुंबाने १९७८ साली, ते लहान असताना, देश सोडला. घरचे फोटो मागे राहिले. मोठेपणी परतल्यावर त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानांतून अनोळखी कुटुंबांचे फोटो ढिगांनी विकत घेतले, कारण त्यांत कुठेतरी आपले फोटो सापडतील अशी आशा होती. ते सापडले नाहीत. मग परक्यांच्या त्या फोटोंनाच शिवून त्यांनी मोठे पडदे घडवले. त्यांच्या दुसऱ्या कामांत फोटोंच्या लांब पट्ट्या चटईसारख्या विणलेल्या आहेत, आणि चटई विणणे त्यांनी लहानपणी घरातच पाहिले होते. दोन फोटो एकमेकांत विणले की कोणताच पुरता दिसत नाही आणि कोणताच पुरता झाकला जात नाही. आजोबांकडून तुमच्यापर्यंत जे आले आहे तेही बहुधा असेच आले असेल.

भावाच्या म्हणण्याचा दुसरा भाग मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. आजोबांच्या फोटोंवर त्याचाही तुमच्याइतकाच हक्क आहे. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी आईच्या मृत्यूनंतर छायाचित्रणावर एक पुस्तक लिहिले. ते १९८० साली प्रसिद्ध झाले. आई पाच वर्षांची असतानाच्या एका फोटोभोवती त्याचा मोठा भाग फिरतो. पुस्तकात इतर अनेक फोटो छापले आहेत, तो एक मात्र छापलेला नाही. तो फक्त आपल्यासाठी आहे, इतरांना तो अनेकांतला एक फोटो वाटेल, असे त्यांनी सांगितले आहे. तो न पाहताही वाचकाच्या मनात राहतो.

तयार झालेले सगळे काम आधी भावाला एकट्याला दाखवा, आणि शेजारी मूळ फोटो ठेवा. हयात असलेल्या कोणाचा चेहरा एखाद्या फोटोत असेल, तर त्या व्यक्तीलाही विचारा. भाऊ एखाद्या फोटोला नाही म्हणाला, तर त्याच्याशी वाद न घालता त्या आकाराची रिकामी चौकट मालिकेत त्याच जागी लावा आणि तिच्याखाली फक्त त्या फोटोचे वर्ष लिहा.